हजेरीची वही कोणाच्या हाती?

कामगार किती वाजता कामावर आला आणि किती वाजता सुटला, ह्याची नोंद कशी ठेवावी हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कारकुनी वाटतो. पहिल्या पानावर त्याची चर्चा करावी इतके त्याचे महत्त्व आहे काय, अशी शंका एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या मते ते निःसंशय आहे. कचेरीत काम करणाऱ्या सुशिक्षित नोकरदाराच्या दृष्टीने हजेरी म्हणजे फार तर महिन्याकाठी पडणारे दोन-तीन लेट मार्क. परंतु कंत्राटदाराच्या हाताखाली रस्ते झाडणाऱ्या, माल चढविणाऱ्या किंवा पहारा करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हजेरीपट हाच त्याच्या नोकरीचा एकमेव पुरावा असतो. त्याचे वेतन, जादा तासांचे दुप्पट दर, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, अपघात झाल्यास मिळणारी भरपाई, ही सारी इमारत त्या एका कागदाच्या पायावर उभी आहे. त्या कागदावर पडलेला एक खोटा खाडा एका दिवसाची भाकरी हिरावून घेतो; असे अनेक खाडे मिळून एका माणसाची सारी नोकरीच नाहीशी करू शकतात.

ह्या हजेरीपटासाठी आता ब्लॉकचेन ह्या तंत्राची शिफारस होऊ लागली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अंमलात आल्या आहेत आणि वेतनाच्या नोंदवह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्यास कायद्याने मोकळीक दिली आहे. साहजिकच हजेरीची यंत्रे व प्रणाली विकणाऱ्यांचा उत्साह वाढला आहे. हजेरीची नोंद एकदा ब्लॉकचेनवर गेली की ती ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही, सबब कामगार आणि मालक ह्यांच्यातील हा जुना तंटा कायमचा मिटेल, असे सांगितले जाते. ह्या विधानात सत्याचा अंश आहे. परंतु तो अंश नेमका किती, हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबणे धोक्याचे होईल.

प्रथम हे तंत्र काय आहे ते समजून घेऊ. नोंदवहीचे एक पान लिहून झाले की त्या पानावरील सर्व मजकुरावरून गणिताच्या एका ठरलेल्या रीतीने एक लांबलचक संख्या काढावयाची. तिला आपण त्या पानाची मोहर म्हणू. मजकुरातील एक काना किंवा एक मात्रा जरी बदलली तरी ही मोहर पार निराळी होते. पुढचे पान लिहिताना आधीच्या पानाची मोहर त्याच्या माथ्यावर लिहावयाची, म्हणजे प्रत्येक पान मागच्या पानाशी साखळीने जखडले जाते. मधले एखादे पान कोणी गुपचूप बदलले, तर त्यापुढील साऱ्या पानांच्या मोहरा बदलाव्या लागतात. आणि वहीच्या प्रती अनेक ठिकाणी, परस्परांशी हितसंबंध नसलेल्या लोकांच्या हाती असल्या, तर ही लबाडी तत्क्षणी उघडकीस येते.

वृत्तपत्राच्या वाचकांस ह्या कल्पनेचा एक पूर्वेतिहास मनोरंजक वाटेल. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९१ मध्ये संगणकीय दस्तऐवजांवर काळाचा खात्रीलायक शिक्का कसा मारावा ह्याची रीत मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने आपल्या नोंदींची एकत्रित मोहर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्यास छापण्याचा प्रघात पाडला. त्यामागील विचार अगदी साधा होता. ज्या अंकाच्या लक्षावधी प्रती घरोघरी व ग्रंथालयांत जाऊन पडल्या, त्यातील एक ओळ मागाहून कोण बदलणार? सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि बिटकॉइनला जन्म देणाऱ्या निबंधात ह्याच दोघांच्या कामाचा आधार घेतलेला आहे. तेव्हा ह्या तंत्राचे खरे बळ कोठे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रती अनेकांच्या हाती आहेत, आणि ते अनेक जण एकमेकांच्या मुठीत नाहीत, ह्यात ते बळ आहे. ही एक गोष्ट काढून घेतली तर कुलपाचे कौशल्य फारसे उपयोगाचे राहत नाही.

आता हे तंत्र हजेरीस लावले तर काय साधेल? एक गोष्ट निश्चित साधेल. महिनाअखेरीस मस्टर घेऊन बसावयाचे, कोणाच्या नावापुढे खाडा मांडावयाचा, कोणाचे जादा तास खोडावयाचे, आणि तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री नवी कोरी वही लिहून काढावयाची, ह्या जुन्या कलेला आळा बसेल. उलट बाजूनेही तेच. न आलेल्या माणसांची नावे मागाहून घुसडून सार्वजनिक तिजोरीतून पैसे उकळण्याच्या उद्योगासही पायबंद बसेल. महापालिकेचे पैसे हे तुम्हां-आम्हां करदात्यांचे पैसे असल्यामुळे हा लाभ केवळ कामगारांचा नाही. मागाहून केलेली खाडाखोड हा हजेरीतील एक मोठा रोग आहे आणि त्यावर हे औषध गुणकारी आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु तो एकच रोग नव्हे. नोंद मागाहून बिघडते तशीच ती मुळातच खोटी लिहिली जाते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? साखळीची वही लिहिलेले जपते. लिहिलेले खरे आहे की नाही हे तिला कळत नाही. विलर्ड बंडी ह्या अमेरिकन जवाहिऱ्याने १८८८ मध्ये हजेरीचे घड्याळ बनविले. प्रत्येक कामगाराला क्रमांकाची स्वतंत्र किल्ली असे आणि ती फिरविली की वेळ कागदावर उमटे. पुढे अनेक स्थित्यंतरे होऊन ज्या कंपनीचे नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले, तिच्या मूळ घटकांत ह्या घड्याळाचा कारखाना होता. पण त्या घड्याळाला किल्ली कळत असे, माणूस कळत नसे. दोस्ताची किल्ली दुसऱ्याने फिरविली तर घड्याळ बिचारे काय करणार? किल्लीच्या जागी कार्ड आले, कार्डाच्या जागी अंगठा आला, अंगठ्याच्या जागी चेहरा आला. परंतु माणूस आणि नोंद ह्यांच्यामधील फट काही पुरती बुजली नाही.

ह्याचा ताजा पुरावा आपल्याच देशात आहे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील मजुरांची हजेरी मोबाइलवर घेण्याची प्रणाली केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये सुरू केली. १६ मे २०२२ पासून वीस किंवा अधिक मजुरांच्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्वत्र ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र घ्यावयाचे आणि त्यावर वेळ व स्थळ आपोआप उमटावयाचे, अशी ही योजना होती. भ्रष्टाचार संपेल असे तेव्हाही सांगण्यात आले होते. ८ जुलै २०२५ रोजी खुद्द ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना धाडलेल्या परिपत्रकात काय आढळले? कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविण्यात आली होती. छायाचित्राचेच छायाचित्र काढण्यात आले होते. प्रत्यक्ष मजुरांची संख्या आणि नोंदलेली संख्या जुळत नव्हती. तोच मजूर अनेक छायाचित्रांत दिसत होता. अखेर ग्रामपंचायतीने प्रत्येक छायाचित्र डोळ्यांनी तपासावे, असा आदेश मंत्रालयास द्यावा लागला. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला आहे. परंतु त्या अनुभवाचा धडा काही त्यामुळे रद्द होत नाही. ही सारी छायाचित्रे ब्लॉकचेनवर ठेवली असती तर काय झाले असते? छायाचित्राचे छायाचित्र अजरामर झाले असते, इतकेच.

येथे कोणी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीचा दाखला देईल. तेथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदविण्याचे काम हाती घेण्यात आले. तो प्रयोग स्तुत्य आहे. परंतु जातीचा दाखला आणि हजेरी ह्यांत फरक आहे. दाखला सक्षम अधिकाऱ्याने रीतसर चौकशी करून एकदाच दिलेला असतो, आणि पुढे तो बनावट नाही एवढेच सिद्ध करावयाचे असते. हजेरी रोज लिहिली जाते, आणि ज्याच्या खिशातून वेतन जावयाचे त्याचाच माणूस ती लिहितो. येथे लेखकाचा आणि लेखाचा हितसंबंध एक आहे. कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून जी तरतूद करावयाची, ती कुंपणाच्याच हाती सोपवून कशी चालेल?

हाच आमचा मुख्य आक्षेप आहे. कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या ह्या प्रणाली बहुशः खाजगी स्वरूपाच्या असतात. साखळी मालकाची, ती चालविणारी यंत्रे मालकाने नेमलेल्या कंपनीची, आणि प्रती असल्याच तर त्याही त्यांच्याच ताब्यात. ज्याने वही लिहिली त्याच्याच दहा कपाटांत तिच्या दहा प्रती ठेवल्या, म्हणून तिला दहा साक्षीदार लाभले असे होत नाही. सर्व प्रती एका मुठीत असतील तर सर्व पाने एकदम नव्याने लिहिण्यास अटकाव कोण करणार? ज्या एका गुणामुळे ह्या तंत्राला मान आहे, तो गुणच येथे वगळला जातो आणि नाव तेवढे शिल्लक राहते.

हा प्रश्न किती जीवनमरणाचा आहे हे आपल्या न्यायालयांच्या निर्णयांवरून दिसून येईल. वर्षात २४० दिवस काम केले तर नोकरी अखंड धरली जाते आणि बेकायदा कपातीपासून कामगाराला संरक्षण मिळते, असा दंडक १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता. नव्या संहितेतही तो कायम आहे. पण हे २४० दिवस सिद्ध कोणी करावयाचे? ते कामगाराने सिद्ध केले पाहिजेत, नुसते शपथपत्र पुरणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले. २००५ च्या एका निकालाने त्याला थोडी सवलत दिली. कामगाराने साक्ष द्यावी आणि मालकाकडील मस्टर न्यायालयात मागवून घ्यावे, असा मार्ग त्या निकालाने दाखविला. म्हणजे पुरावा मालकाच्या कपाटात आणि सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या शिरावर! मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी उचलून धरला. त्याआधी वर्षानुवर्षे त्यांची गणना कामगारांत होतच नव्हती. ते ‘स्वयंसेवक’ आहेत असे सांगितले जात होते. लढा जिंकल्यावरही कागदोपत्री नावांच्या लेखनातील फरकापायी त्यांतील अनेकांना ताटकळत राहावे लागले. ज्या वहीत आपले नाव कसे लिहिले आहे हेच कामगाराने कधी पाहिले नाही, ती वही कितीही अभंग असली तरी त्याला काय होय?

शिवाय वहीच्या अभंगतेचा गवगवा झाला की एक नवाच धोका उभा राहतो. यंत्र सांगते ते खरेच असले पाहिजे, अशी अंधश्रद्धा सुशिक्षितांत फार लवकर रुजते. इंग्लंडमध्ये पोस्टाच्या उपकार्यालयांचे हिशेब ‘होरायझन’ ह्या संगणकप्रणालीवर ठेवले जात. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली, आणि १९९९ ते २०१५ ह्या काळात ९०० हून अधिक पोस्टचालकांना चोरी वा अफरातफर केल्याच्या आरोपावरून दोषी ठरविण्यात आले. माणसे ओरडून सांगत होती की आम्ही पैसे घेतले नाहीत. परंतु यंत्राची साक्ष त्यांच्या विरुद्ध होती. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोवर कित्येक संसार धुळीस मिळाले होते. ती प्रणाली ब्लॉकचेन नव्हती हे खरे. परंतु चुकीची नोंद आणि तिच्यावरील अढळ विश्वास एकत्र आले म्हणजे काय होते, हे समजण्यास ह्याहून बोलके उदाहरण नाही. चोर सुटावा आणि संन्याशाला फाशी व्हावी, तीही यंत्राच्या सहीशिक्क्यानिशी!

मग ह्यावर उपाय काय? महाराष्ट्राला तो नव्याने शोधावयाचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता, आणि ते कागद त्यांनी जाळून टाकले. हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकरी कर्ज नाकारीत होते असे नव्हे. ज्या वहीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि जी त्यांच्या हाती कधी येत नव्हती, त्या वहीच्या सत्तेविरुद्ध तो संताप होता. ह्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये जो दख्खनचा शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला, त्यात कर्जदारास लेखी पावती मागण्याचा, दर वर्षी हिशेबाचा उतारा मिळविण्याचा आणि स्वतःजवळच्या पासबुकात हिशेब मांडून घेण्याचा हक्क देण्यात आला. सावकाराची वही अधिक मजबूत बांधावी असे त्या कायद्याने सांगितले नाही. तिची दुसरी प्रत ऋणकोच्या हाती द्यावी असे सांगितले.

राजस्थानातील पाली जिल्ह्याच्या कोट किराना गावी २ डिसेंबर १९९४ रोजी जी पहिली जनसुनवाई झाली, तिचाही मथितार्थ हाच होता. मजदूर किसान शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले, आणि जे त्या कामावर कधी गेलेच नव्हते त्यांची नावे त्यांत निघाली. संगणक नव्हता, गणिती मोहर नव्हती. गावाची स्मरणशक्ती तेवढी होती, आणि ती पुरेशी ठरली. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ज्या चळवळीतून आला, तिचा एक उगम ह्या हजेरीपटाच्या वाचनात आहे.

तेव्हा आमचे म्हणणे ब्लॉकचेन नको असे नाही. ते वापरावयाचे असेल तर त्याच्या मूळ धर्मास अनुसरून वापरा, एवढेच आमचे मागणे आहे. राज्य सरकारने आणि महापालिकांनी आपल्या कंत्राटी कामांपासून आरंभ करावा आणि कंत्राटाच्या अटींतच पुढील गोष्टी घालाव्यात. पहिली, पाळी संपताच प्रत्येक कामगाराला त्याच्या त्या दिवसाच्या हजेरीची मराठीत पावती मिळावी. मोबाइल असेल त्याला मोबाइलवर, नसेल त्याला कागदावर. दुसरी, त्या दिवसाच्या वहीची मोहर त्याच संध्याकाळी कंत्राटदाराव्यतिरिक्त निदान तिघांकडे जावी: मूळ मालक असलेली संस्था, कामगार आयुक्तांचे कार्यालय आणि कामगारांची संघटना. तिसरी, चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्यास ठराविक मुदत असावी. हरकत आणि दुरुस्ती ह्या दोन्ही गोष्टी मूळ नोंद न पुसता तिच्याखाली लिहिल्या जाव्यात, म्हणजे कोणी काय बदलले हे दिसत राहील. चौथी, अंगठ्याचे ठसे वा चेहऱ्याची छबी साखळीत कदापि घालू नये. परवलीचा शब्द बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आणि कष्टाने ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्याला यंत्राने ओळखले नाही, हा त्याचा अपराध ठरू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क देतो, आणि जे कधीच पुसता येत नाही अशा जागी ती ठेवणे हे त्या हक्काशी विसंगत आहे. पाचवी, महिन्यातून एकदा हजेरी चौकीवर सर्वांसमक्ष हजेरीपट वाचला जावा.

ह्यांपैकी बहुतेक गोष्टींना मोठा खर्च नाही. रोजच्या वहीची मोहर काढून ती सार्वजनिक जागी प्रसिद्ध करणे हे काम साध्या संगणकावर होण्यासारखे आहे. त्यासाठी महागडी प्रणाली विकत घेण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराची कथा आठवावी. आपल्या व्यवहारांच्या पूर्ततेची व्यवस्था ह्या तंत्रावर नेण्याचा संकल्प त्याने वर्षानुवर्षे चालवून नोव्हेंबर २०२२ मध्ये गुंडाळला आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर पाणी सोडले. जेथे साधी पावती पुरते तेथे सोन्याची साखळी घडविण्याचे कारण नाही.

सहावी गोष्ट मात्र कायद्याने करावयाची आहे. वेतन दिले की नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतनसंहितेने मालकावर टाकली आहे. तोच न्याय हजेरीसही लावावा. वही ज्याच्या हाती, सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या शिरी, हे तत्त्व एकदा मान्य झाले की उत्तम वही ठेवण्याची गरज मालकालाच वाटू लागेल, आणि कोणते तंत्र वापरावे हा वाद आपोआप दुय्यम होईल.

बँकेत चार पैसे ठेवले तर आपण पासबुक मागतो. ते न देणाऱ्या बँकेचे संगणक कितीही अद्ययावत असोत, तिच्याकडे आपण पुन्हा फिरकत नाही. जो माणूस रोज आपल्या आयुष्याचे आठ तास दुसऱ्याच्या वहीत ठेव म्हणून ठेवतो, त्याने त्या ठेवीची पावती मागितली तर तो काही जगावेगळे मागत नाही. ती पावती त्याच्या हाती पडेपर्यंत ब्लॉकचेनच्या जयघोषात सामील होण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.